दुष्फेन पाणी: फेसावरून झालेल्या पारखेची पार्श्वभूमी

नळाच्या तोटीवर पांढरा थर धरतो, बादलीच्या कडेला खरखरीत रेघ उमटते, साबण चोळूनही फेस येत नाही. मग आपण म्हणतो, इथले पाणी जड आहे. शाळेच्या पुस्तकात याच कठीण पाण्याला ‘दुष्फेन’, म्हणजे फेस न धरणारे, म्हणतात. मला हा शब्द फार मोलाचा वाटतो. पाण्याच्या या गुणाची पारख मुळात फेसावरून झाली, कपडे धुणाऱ्या हातांनी केली, हे त्या शब्दातच नोंदलेले आहे. पिणाऱ्याच्या प्रकृतीचा विचार त्या पारखेत नव्हता. तरीही आज वस्तीत पाण्याची चर्चा सुरू झाली की पांढरा थर हाच पाणी वाईट असल्याचा पुरावा मानला जातो. हा घोळ जुना आहे.

पावसाचे पाणी मऊ असते. मातीतून झिरपताना ते तिथला कार्बन डायऑक्साइड उचलते, किंचित आम्लधर्मी होते आणि वाटेतल्या खडकातले कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवत खाली जाते. पाणी तापवले की वायू निघून जातो आणि चुना पुन्हा घट्ट होऊन तळाशी बसतो. हे कोडे इंग्रज शास्त्रज्ञ हेन्री कॅव्हेंडिश यांनी १७६७ साली उलगडले, तेही एका वस्तीतल्या पंपाच्या पाण्यावरून. लंडनच्या रॅथबोन प्लेसमधल्या पंपाचे पाणी उकळल्यावर त्यातून पांढरी माती खाली बसत असे. ती माती पाण्यात त्या वायूच्या जोरावरच विरघळलेली राहते, हे त्यांनी दाखवले. चुन्याची निवळी घातली तरी साका बसतो, हेही त्यांच्या प्रयोगांत दिसले.

चुन्याने चुना काढायचा, ही ऐकायला विचित्र वाटणारी गोष्ट १८४१ मध्ये स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक थॉमस क्लार्क यांनी पेटंट घेऊन व्यवहारात आणली. कठीणपणा मोजण्याची पहिली सोपी रीतही त्यांचीच. बाटलीत पाणी घ्यायचे, ठरावीक ताकदीचे साबणाचे द्रावण थोडे थोडे घालून बाटली हलवायची आणि फेस पाच मिनिटे टिकला की थांबायचे. फेस धरेपर्यंत जितका साबण वाया गेला, तितके पाणी कठीण. म्हणजे मापाचा पायाच साबणाची नासाडी हा होता. पुढे प्रत्येक देशाने आपापला अंश ठरवला. क्लार्कचा एक अंश म्हणजे लिटरमागे सुमारे १४.३ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट, जर्मन अंश १७.८, फ्रेंच अंश १०. म्हणून ‘आमचे पाणी १५ आहे’ एवढ्या सांगण्याला अर्थ नाही. अंश कोणता, हे आधी विचारावे.

रॅथबोन प्लेसपासून पायी थोड्याच अंतरावर, सोहो भागात, ब्रॉड स्ट्रीटचा पंप होता. त्याचे पाणी लोकांना आवडायचे. तिथून हॅम्पस्टेडला राहायला गेलेल्या एका बाईंना तर ते इतके आवडायचे की त्या रोज बाटली भरून मागवत. १८५४ च्या पटकीच्या (कॉलऱ्याच्या) साथीत त्याच पाण्याने त्यांचा जीव घेतला. डॉक्टर जॉन स्नो यांनी साथीचा माग काढत पंपापर्यंत पोहोचताना ही नोंद करून ठेवली. ती वाचताना अजूनही पोटात कालवते. एका पंपाच्या पाण्यात डोळ्यांना दिसणारी माती होती आणि तिचे फारसे भय नव्हते. दुसऱ्याच्या पाण्यात जे होते ते कुणालाच दिसले नाही.

इथून पुढे दोन वाटा व्हायला हव्या होत्या: रोगजंतूंसाठी एक, क्षारांसाठी दुसरी. पहिली वाट झालीही. वाळूच्या गाळण्या आल्या आणि १९०८ मध्ये अमेरिकेतल्या जर्सी सिटीत शहराच्या पाणीपुरवठ्याला नियमित क्लोरीन देणे सुरू झाले. दुसऱ्या वाटेवर साबणाची बचत आणि बॉयलरमध्ये धरणारे थर हेच विषय राहिले. पण मऊ पाणी ते चांगले पाणी, ही समजूत मात्र पक्की झाली.

स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहराची हकीकत त्यासाठी नीट पाहावी लागते. १८५९ पासून त्या शहराला लॉक कॅट्रिन तलावाचे अतिशय मऊ पाणी मिळू लागले. साबण वाचला, पाणीही स्वच्छ. मात्र घरोघरी शिशाचे नळ होते, आणि मऊ, किंचित आम्लधर्मी पाणी विषारी शिसे विरघळवते. कठीण पाणी नळाच्या आतून चुन्याचे अस्तर धरते. इथे ते अस्तर नव्हते. अखेर १९७० च्या दशकाच्या शेवटी त्या पाण्यात मुद्दाम चुना मिसळावा लागला.

साबणाचे महत्त्व पुढे ओसरले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत रॉबर्ट गान्स यांनी कृत्रिम झिओलाइटने (क्षारांची अदलाबदल करणाऱ्या सच्छिद्र खनिजाने) कॅल्शियमच्या जागी सोडियम आणणारी रीत दिली. आजची घरगुती सॉफ्टनर यंत्रे तिचीच वंशज आहेत. १९४० च्या दशकात झुरिकच्या गेरोल्ड श्वार्झेनबाख यांनी ईडीटीए या कॅल्शियम-मॅग्नेशियम पकडून ठेवणाऱ्या रसायनाची चाचणी रूढ केली. तिच्यात सूचक रंग घातलेले लालसर पाणी निळे झाले की मोजणी संपते, फेसाची गरज उरत नाही. त्याच सुमारास कठीण पाण्यातही काम करणाऱ्या कृत्रिम डिटर्जंट पावडरी आल्या.

प्रकृतीचा प्रश्न मात्र उशिरा विचारला गेला. १९५७ मध्ये जपानच्या जुन कोबायाशी यांनी नद्यांच्या पाण्याची रासायनिक घडण आणि पक्षाघाताने होणारे मृत्यू यांचा संबंध मांडला आणि कठीण पाणी उलट हितकर असेल काय, यावर अनेक देशांत अभ्यास झाले. जागतिक आरोग्य संघटनेने कठीणपणासाठी आरोग्याच्या आधारावर कोणतीही मर्यादा घातलेली नाही.

एकाच शहरात दोन शेजारच्या वस्त्यांचे पाणी वेगळे का, याचे उत्तर बहुधा उगमात सापडते. तलावाचे पाणी मऊ, खोल बोअरवेलचे कठीण, आणि टंचाईच्या दिवसांत दोन्ही मिसळली की आठवड्यागणिक फरक. हातातले टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज सांगते. त्यात कॅल्शियम किती आणि साधे मीठ किती, हे कळत नाही. जंतू तर त्याला दिसतच नाहीत. त्यासाठी निर्जंतुक बाटलीत नमुना घेऊन तो प्रयोगशाळेत उबवावा लागतो. क्लोरीन उरले आहे का, हे तोटीपाशीच तपासावे लागते. आणि शिशाची शंका असेल, तर रात्रभर नळात थांबलेल्या पाण्याची पहिली धार बाटलीत धरावी लागते.