‘थायरॉइड झाला’ म्हणजे काय झाले? अवटू ग्रंथीच्या दाहाची पार्श्वभूमी

नागपुरात धंतोली किंवा रामदासपेठेतील कोणत्याही पॅथॉलॉजी लॅबमध्ये सकाळी गेलात, तर उपाशीपोटी रक्त द्यायला बसलेल्यांमध्ये ‘थायरॉइड’ तपासायला आलेल्या बायका हमखास दिसतात. ‘मला थायरॉइड आहे’ असे आपण सहज म्हणतो. वास्तविक थायरॉइड, म्हणजे अवटू ग्रंथी, प्रत्येकाच्याच गळ्यात असते, आणि या बोलण्यात ती बिघडली कशाने हा खरा प्रश्न मागे राहून जातो. आयोडीनयुक्त मीठ घरोघरी पोचलेल्या ठिकाणी ही ग्रंथी मंदावण्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे तिच्यात हळूहळू चाललेला दाह, ज्याला डॉक्टर थायरॉइडायटिस म्हणतात. या दाहाचे मूळ वैद्यकाच्या हाती लागायला विसावे शतक अर्धे उलटावे लागले.

गळ्यावरची गाठ मात्र फार जुनी ओळखीची आहे. सुश्रुतसंहितेत गलगंडाचे वर्णन असून त्याचे प्रकारही सांगितलेले आहेत. आधुनिक काळात, १८७३ साली, लंडनचे विल्यम गल यांनी प्रौढ स्त्रियांमध्ये दिसणाऱ्या सुस्ती, फुगलेला चेहरा आणि जड जीभ या अवस्थेची नोंद केली. १८९१ मध्ये जॉर्ज मरे यांनी अशाच एका स्त्रीला मेंढीच्या अवटू ग्रंथीचा अर्क टोचला आणि ती पुढे २८ वर्षे जगली. १८९५ मध्ये या ग्रंथीत आयोडीन असते हेही सिद्ध झाले. ग्रंथी कमी पडली तर काय होते आणि काय द्यायचे, हे अशा प्रकारे कळले. पण ती कमी का पडते, याचे उत्तर ‘आयोडीन नाही म्हणून’ एवढ्यावरच बराच काळ थांबले होते.

दाहाची पहिली वर्णने शल्यचिकित्सकांकडून आली, कारण सुजलेली ग्रंथी कापून हातात घेण्याची संधी त्यांनाच मिळत असे. जर्मनीच्या रीडेल यांनी १८९६ मध्ये लोखंडासारखी कठीण झालेली, आजूबाजूच्या स्नायूंना चिकटलेली ग्रंथी वर्णिली; हा प्रकार अत्यंत दुर्मीळ आहे. स्वित्झर्लंडच्या द केर्व्हां यांनी १९०४ मध्ये दुखऱ्या सुजेचा प्रकार वेगळा काढला. त्यानंतर १९१२ साली, नुकतीच तिशी ओलांडलेल्या हाकारू हाशिमोतो या जपानी डॉक्टरने एका जर्मन शल्यवैद्यकीय नियतकालिकात चार स्त्रियांच्या ग्रंथींचा अभ्यास प्रसिद्ध केला. सूक्ष्मदर्शकाखाली त्या ग्रंथी पांढऱ्या पेशींनी, म्हणजे लिम्फोसाइट्सनी, गच्च भरलेल्या दिसल्या. जंतू आढळला नाही आणि कर्करोगही नव्हता. हाशिमोतो पुढे आपल्या गावी परतून साधी प्रॅक्टिस करू लागले आणि १९३४ मध्ये विषमज्वराने वारले. पाश्चात्त्य डॉक्टरांपैकी अनेकांनी त्यांच्या निरीक्षणाला रीडेल यांच्याच रोगाची सुरुवातीची पायरी मानले होते. आज जगभर लाखो लोकांच्या केसपेपरवर ज्यांचे नाव लिहिले जाते, त्यांना हयातीत याची फारशी कल्पना आली नसावी, ही गोष्ट मनाला लागते.

त्या पांढऱ्या पेशी तिथे काय करत होत्या? शरीराचे संरक्षक सैन्य स्वतःच्याच अवयवावर उलटेल, ही कल्पना तेव्हा जवळजवळ निषिद्ध होती. १९५६ मध्ये ती दोन ठिकाणी एकदमच मोडली. अमेरिकेतील बफेलो येथे नोएल रोझ आणि अर्न्स्ट विटेब्स्की यांनी सशाची अर्धी ग्रंथी काढून तिचा अर्क, प्रतिकारशक्तीला चेतवणाऱ्या द्रव्यात मिसळून, त्याच सशाला टोचला. तेव्हा त्याच्या रक्तात प्रतिपिंडे (अँटीबॉडीज) तयार झाली आणि उरलेली अर्धी ग्रंथी तशाच पांढऱ्या पेशींनी भरून गेली. त्याच वर्षी लंडनमध्ये डेबोरा डोनियाक, आयव्हन रॉइट आणि पीटर कँपबेल यांनी हाशिमोतो रोगाच्या रुग्णांच्या रक्तात थायरोग्लोब्युलिन या ग्रंथीतील प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे दाखवून दिली. रिपोर्टमध्ये आज ‘अँटी टी.पी.ओ.’ म्हणून, ग्रंथीतील दुसऱ्या एका प्रथिनाविरुद्धच्या प्रतिपिंडांची जी चाचणी छापून येते, तिची वंशावळ इथपर्यंत पोचते. योगायोग असा की १९५६ मध्येच आपल्याकडे हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग सुरू झाला, ज्याच्या आधारावर १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम आला. मिठाने गलगंडाचा एक मोठा झरा आटवला, पण हाशिमोतोचा दाह मिठाने बरा होत नाही. म्हणून ‘जास्त आयोडीन घ्या’ हा घरगुती सल्ला इथे लागू पडत नाही, आणि ‘मीठच बदला’ हाही नाही.

लक्षणांची अडचण अशी की ती फार सावकाश, रोजच्या जगण्यात मिसळून येतात. थकवा, वजन वाढणे, बद्धकोष्ठता, केस गळणे, कोरडी त्वचा, पाळीत जास्त रक्तस्राव, बसलेला आवाज, उदासपणा. यांपैकी प्रत्येकाला घरात काही ना काही दुसरे कारण सापडतेच. थंडी सहन न होणे हे तर नागपूरच्या हवेत ओळखायलाच कठीण. माझी मावशी एका मे महिन्यात, पारा ४५ च्या पुढे असताना, दुपारी कूलर बंद करायला लावून अंगावर चादर घेऊन पडत असे. घरचे तिच्यावर चिडत, आणि ती ‘मला वारा सोसत नाही रे’ एवढेच म्हणे. पुढे दिवाळीच्या सुमारास गळा जाड दिसू लागला तेव्हा तपासणी झाली. उलट बाजूनेही फसगत होते: घाम, धडधड, अस्वस्थपणा ही ग्रंथीतील साठवलेले संप्रेरक (हार्मोन) अचानक रक्तात सांडल्याची लक्षणे असतात, आणि ती उन्हाळ्याच्या माथी मारली जातात.

असे सांडणे हे दुखऱ्या सुजेचे वैशिष्ट्य आहे. हा प्रकार बहुधा सर्दीतापासारख्या विषाणुजन्य आजारानंतर काही आठवड्यांनी येतो. गळ्याच्या पुढच्या भागात दुखते, दुखणे जबड्याकडे आणि कानाकडे चढते, गिळताना त्रास होतो, ताप येतो, ई.एस.आर. (शरीरातील दाह दाखवणारी रक्ततपासणी) बराच वाढलेला दिसतो. कान दुखतो म्हणून रुग्ण आधी कानाच्या डॉक्टरांकडे, दाढ दुखते म्हणून दंतवैद्यांकडे जातो. सुरुवातीचे काही आठवडे ग्रंथी अतिसक्रिय भासते, मग साठा संपला की मंदावते, आणि बहुतेकांमध्ये काही महिन्यांत पूर्ववत होते.

बाळंतपणानंतरचा दाह दुखत नाही, म्हणूनच तो निसटतो. प्रसूतीनंतर पहिल्या काही महिन्यांत धडधड व चिडचिड, पुढे थकवा आणि खिन्नता, असा त्याचा क्रम असतो. घरात याला ‘बाळंतीण आहे, झोप होत नाही’ असे उत्तर तयार असते, आणि ते अर्धे खरेही असते. परंतु टी.एस.एच.ची, म्हणजे अवटू ग्रंथीचे काम कसे चालले आहे ते सांगणारी, एक रक्ततपासणी करून घेणे अवघड नाही, आणि ज्या स्त्रीला पहिल्या खेपेस हा त्रास झाला तिला पुढच्या बाळंतपणानंतर तो पुन्हा होण्याची शक्यता जास्त असते. ॲमिओडॅरोन हे हृदयाच्या ठोक्यांसाठीचे औषध आणि मानसिक आजारातील लिथियम यांच्यामुळेही ग्रंथी बिघडते, पण म्हणून ती औषधे आपल्या मनाने थांबवू नयेत. जंतुसंसर्गाने ग्रंथीत पू होणे क्वचित घडते.

सकाळी चहाच्या आधी, अनशापोटी घेतली जाणारी थायरॉक्सिनची, म्हणजे ग्रंथीच्या संप्रेरकाची, ती छोटी गोळी या सगळ्या प्रकारांत सारखीच दिसते. हाशिमोतोमध्ये ग्रंथी कायमची मंदावली असेल, तर ती बहुधा आयुष्यभर घ्यावी लागते. दुखऱ्या किंवा बाळंतपणानंतरच्या दाहात अनेकदा काही महिन्यांनी डॉक्टर ती कमी करून थांबवून पाहतात. आपला दाह यांपैकी कोणता, हे फाइलच्या पहिल्या पानावर लिहिलेले नसेल, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना तेवढे जरूर विचारावे.