जवसातला ओमेगा-३ आणि मेंदूतला ओमेगा-३

भाची पहिल्या बाळंतपणाला सोलापुरात माहेरी आली आहे. बाळ दीड महिन्याचं. परवा गेले तेव्हा वहिनी खलबत्त्यात भाजलेला जवस आणि लसूण कुटत होत्या, तिखट बेतानंच. भाकरीवर ही चटणी आणि वर तेलाची धार, दोन्ही वेळेला. भाची मजेत म्हणाली, "आत्या, जवसात ओमेगा-३ असतंय की. मेंदूला तेच लागतंय म्हणं. मी खाल्लं की दुधातनं बाळाला जातंयच!"

तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय, त्यामुळे मला गप्प बसवेना.

ओमेगा-३ हे स्निग्धाम्लांच्या, म्हणजे तेला-चरबीतल्या आम्लांच्या, एका घराण्याचं आडनाव आहे. एका आडनावाची चार घरं गल्लीत असली म्हणून एकाचं पत्र दुसऱ्याकडे टाकून चालत नाही. जवसातलं घर म्हणजे अल्फा-लिनोलेनिक आम्ल, थोडक्यात एएलए: 18 कार्बनची साखळी आणि तिच्यात 3 दुहेरी बंध. मेंदूच्या पेशींच्या पडद्यात आणि डोळ्याच्या दृष्टिपटलात जे ठासून भरलेलं असतं ते डोकोसाहेक्साइनोइक आम्ल, म्हणजे डीएचए: 22 कार्बन, 6 दुहेरी बंध. शेपटीकडून मोजलं तर पहिला दुहेरी बंध दोघांतही तिसऱ्या कार्बनवर येतो. आडनाव एक असण्याचं कारण एवढंच.

त्या 6 बंधांमुळे डीएचएची साखळी जागोजागी वाकते आणि पेशीचा पडदा लवचिक राहतो. एका चेतापेशीचा निरोप दुसरीला पोचण्याचं काम या पडद्यावरच चालतं. जन्मतः बाळाचा मेंदू साधारण 350 ते 400 ग्रॅमचा असतो, पहिल्या वाढदिवसाला 900 ग्रॅमच्या आसपास जातो. त्यातलं पाणी काढलं तर उरलेल्यात निम्म्याहून जास्त स्निग्ध पदार्थच. डीएचए सगळ्यात झपाट्यानं भरतं ते गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांपासून मूल दोन वर्षांचं होईपर्यंत.

"मग जवसातल्याचं शरीर डीएचए करत नाही का?" भाचीनं विचारलं. प्रश्न बरोबर होता. करतं, पण कसं ते सोलापूरकराला चटकन कळेल. एएलए म्हणजे सूत, डीएचए म्हणजे विणून झालेली चादर. यकृतात त्याचा माग आहे. सुताला धागे जोडत, बंध वाढवत नेणारी विकरं, म्हणजे एन्झाइम, हा तो माग. त्याची गती फार मंद. खाल्लेल्या एएलएपैकी डीएचएपर्यंत पोचणारा वाटा पुरुषांत टक्काभरही भरत नाही. तरुण बायकांत तो जास्त असतो. इस्ट्रोजेन या बायकांच्या संप्रेरकामुळे माग जरा जोरात चालतो, निसर्गानं बाळाची सोय म्हणून ठेवल्यासारखा.

त्यात याच मागावर दुसऱ्या गिऱ्हाईकाचंही सूत चढतं. ते ओमेगा-६ घराण्यातलं, लिनोलेइक आम्ल. आपला हा करडईचा जुना पट्टा, आणि साध्या करडईच्या तेलात जवळपास पाऊण हिस्सा लिनोलेइकच. सूर्यफुलातही ते निम्म्याहून जास्त. शेंगदाण्याच्या तेलात कमी, पण त्यात ओमेगा-३ नावालासुद्धा नाही. ओमेगा-६ वाईट नव्हे, बाळाच्या मेंदूला त्यापासून होणारं अरॅकिडोनिक आम्लही लागतं. मात्र पिशव्याच्या पिशव्या सूत एकाच गिऱ्हाईकाकडून आलं की दुसऱ्याची चादर मागे पडणारच. म्हणून जवसाच्या चटणीवरची ती तेलाची धार मला खटकते. तसं बोलले तर वहिनींनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

अंगावर पाजणाऱ्या आयांवर हे करूनही बघितलंय. 2003 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सात जणींनी चार आठवडे रोज 20 ग्रॅम जवसाचं तेल घेतलं. दुधातलं एएलए चांगलं वाढलं, डीएचए होतं तिथंच राहिलं. मोजक्याच बायका होत्या खऱ्या, पण मागाचं वर्णन वर केलंय त्याच्याशी हे जुळतं. अळिवाच्या लाडवांनाही हेच लागू. त्यातही एएलएच आहे.

म्हणून जवस सोडा असं मी म्हणणार नाही. एएलए शरीर स्वतः बनवत नाही, ते खाण्यातूनच यावं लागतं. शिवाय अख्खा दाणा बराचसा तसाच बाहेर पडतो, तेव्हा कुटून खायची रीत अगदी बरोबर.

तयार चादर हवी असेल तर मासे. बांगडा, तारली असे तेलकट समुद्री मासे सगळ्यात बरे. ते आपल्याकडे बर्फातून येतात. उजनीच्या गोड्या पाण्यातल्या माशात डीएचए असतं, पण सहसा कमी. मुशीसारखे मोठे शिकारी मासे पाऱ्यामुळे बाळंतिणीनं टाळलेले बरे. अंड्याच्या बलकात थोडं मिळतं. भावाकडे अंडं चालतं, पण गच्चीवरच्या स्टोव्हवर, वेगळ्या पातेल्यात. आणि मासे तरी डीएचए कुठून आणतात? पाण्यातल्या सूक्ष्म शेवाळातून. त्याच शेवाळाच्या तेलाच्या गोळ्या हल्ली मिळतात. अंगावर पाजणाऱ्या बाईला दिवसाला किमान 200 मिलिग्रॅम डीएचए मिळावं, असा सल्ला सर्वसाधारणपणे दिला जातो.

दुधाच्या डब्यांवर 'बुद्धीसाठी डीएचए' लिहिलेलं असतं, त्याला मात्र भुलू नये. पूर्ण दिवसांच्या बाळांना डीएचए घातलेली पावडर देऊन झालेल्या बहुतेक चाचण्यांत बुद्धीत ठळक फरक दिसलेला नाही. गरोदरपणातल्या ओमेगा-३ चा पक्का पुरावा वेगळ्याच ठिकाणी आहे: कोक्रेन ही संस्था वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तपासते. तिच्या 2018 च्या आढाव्यात, 70 चाचण्या एकत्र पाहिल्यावर, दिवस भरण्याआधी होणारी बाळंतपणं कमी झालेली दिसली. आणि आईच्या दुधात डीएचए मुळातच असतं. किती, ते तिच्या ताटावर ठरतं.

भाचीनं तुपाचं विचारलं म्हणून सांगितलं. त्यातून ऊर्जा मिळते, डीएचए नाही म्हटलं तरी चालेल. सहा महिन्यांनंतर बाळाच्या मऊ भातावर घालायला उत्तम. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला बिनतुपाचं, बिनसायीचं खाऊ घालायची नवी फॅशन मला अजिबात पटत नाही. आईच्या दुधातली निम्मी ऊर्जा स्निग्धांशातूनच तर येते.

भाचीनं डॉक्टरांना विचारून शेवाळाच्या तेलाच्या गोळ्या आणल्या. वहिनींनी बाटली हातात घेतली, चष्मा लावला, गोळीचं वेष्टण जिलेटिनचं तर नाही ना म्हणून हिरवा ठिपका शोधला. तो सापडल्यावर बाटली चटणीच्या बरणीशेजारी ठेवली आणि जवस कुटायला बसल्या.