फॉर्म ५५०० वरील सही

अमेरिकेत ४०१(के) (पगारातून बचत करण्याची निवृत्ती योजना), निवृत्तिवेतन, आरोग्यविमा अशा कर्मचारी-लाभ योजनांच्या वार्षिक विवरणपत्रावर, म्हणजे फॉर्म ५५०० वर, कोणी, कोणत्या नात्याने आणि कशी सही करायची यासंबंधीचे नियम. त्यांचे मूळ १९७४ च्या ‘एरिसा’ या कर्मचारी-लाभ योजनांच्या कायद्यात आहे. हे विवरणपत्र श्रम विभाग, आयआरएस (करखाते) आणि निवृत्तिवेतन हमी महामंडळ या तिघांचे सामाईक असते. सहीबाबतचा बराचसा घोळ या सामायिकपणातूनच झालेला दिसतो.

फॉर्मवर योजना प्रशासक आणि नियोक्ता (प्रायोजक) यांच्या सह्यांसाठी वेगवेगळ्या ओळी आहेत. ‘प्रशासक’ हा शब्द फसवा आहे. हिशेब ठेवून फॉर्म भरून देणारी बाहेरची संस्था व्यवहारात ‘थर्ड पार्टी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ म्हणवते. पण एरिसाच्या कलम ३(१६) प्रमाणे योजनेच्या दस्तऐवजात ज्याचे नाव असेल तोच प्रशासक. तसे नाव नसेल तर प्रायोजक. म्हणजे बहुधा खुद्द कंपनी, आणि तिच्या वतीने अधिकृत व्यक्ती. दोन्ही भूमिका एकाकडेच असतील तर प्रशासकाच्या ओळीवरची एक सही पुरते.

करसंहितेच्या दृष्टीने प्रशासक किंवा नियोक्ता, कोणाचीही सही चालते. एरिसाच्या पहिल्या प्रकरणाला मात्र प्रशासकाचीच हवी. फॉर्मसोबतच्या सूचना दोन्ही गोष्टी नोंदवतात आणि प्रशासकाची सही नसलेले विवरणपत्र फेटाळले जाऊन दंड होऊ शकतो, असे बजावतात. त्यामुळे केवळ नियोक्त्याच्या सहीवर विसंबणे धोक्याचेच. मालक-कामगार संघटना यांचे संयुक्त मंडळ प्रशासक असेल, तर दोन्ही बाजूंच्या किमान एकेका प्रतिनिधीची सही लागते.

२००९ च्या योजनावर्षापासून विवरणपत्र ‘ईफास्ट-२’ प्रणालीतून ऑनलाइनच भरावे लागते. ऑनलाइन सहीसाठीची ओळख (नोंदणी, पिन) व्यक्तीची असते, कंपनीची नव्हे. नोंदणी केलेला मनुष्यबळ अधिकारी जूनमध्ये नोकरी सोडून गेला आणि ३१ जुलैला (कॅलेंडर वर्षाच्या योजनेची मुदत) हे लक्षात आले, तर नव्या अधिकाऱ्याने स्वतःच्या नावाने नोंदणी करायची. जुन्याचा पिन वापरायचा नाही. फॉर्म ५५५८ भरून अडीच महिने, म्हणजे १५ ऑक्टोबरपर्यंत, मुदत वाढते. गंमत म्हणजे ५५०० च्या मुदतवाढीसाठी त्या अर्जावर सहीच लागत नाही.

प्रशासकाला स्वतः ऑनलाइन सही करायची नसेल, तर सेवा देणारी संस्था लेखी अधिकारपत्र घेऊन करू शकते. त्यासाठी प्रशासकाने छापील फॉर्मवर पेनाने सही करायची आणि त्याची पीडीएफ विवरणपत्राला जोडायची. ही सही इंटरनेटवर सर्वांना दिसेल, हे संस्थेने त्याला आधी सांगायला हवे. अधिकारपत्र संस्थेच्या दप्तरी राहते. पीडीएफ जोडायची राहून जाणे ही इथली नेहमीची चूक.

विमागणितज्ञाची सही विवरणपत्राला जोडायच्या परिशिष्ट एसबी किंवा एमबीवर (निवृत्तिवेतन योजनेच्या निधीचा तपशील) आणि लेखापरीक्षकाची त्याच्या अहवालावर असते. ती प्रशासकाच्या सहीची जागा घेत नाही.

उशिराबद्दल आयआरएसचा दंड दिवसाला २५० डॉलर, कमाल १,५०,००० डॉलर. श्रम विभागाचा २०२५ मध्ये दिवसाला २,७३९ डॉलरपर्यंत. सह्यांसह पूर्ण प्रत योजनेच्या दप्तरात ठेवावी लागते. एरिसाच्या कलम १०७ प्रमाणे किमान सहा वर्षे.