मूलपेशींसाठी सोडियम वालप्रोएट: वापरण्यापूर्वी वाचावे

मूलपेशीची चेतापेशी होवो की हृदयपेशी, आतला डीएनए तोच राहतो. बदलते ती त्याची गुंडाळी. येवल्याच्या मागासाठी कांडीवर रेशीम भरतात, तसा डीएनए हिस्टोन प्रथिनांच्या गोळ्यांवर गुंडाळलेला असतो: दर गोळ्याला १४७ बेसजोड्या, सुमारे पावणेदोन वेढे. या सगळ्या मांडणीला क्रोमॅटिन म्हणतात. वेढे घट्ट बसले, की तिथले जनुक सहसा वाचले जात नाही.

मूलपेशीत विकासाची बरीच जनुके अर्ध्यावर थांबवून ठेवलेली असतात. एच३ या हिस्टोनच्या साखळीतल्या चौथ्या लायसिनवर (लायसिन हे प्रथिनातले एक अमिनो आम्ल) ‘चालू’ची मिथाइल खूण, तर सत्ताविसाव्यावर ‘थांब’ची. ही दुहेरी खूण २००६ मध्ये उंदराच्या भ्रूणमूलपेशींत दिसली, पुढे मानवी पेशींतही. ‘थांब’ची खूण पीआरसी२ या जनुके थांबवणाऱ्या प्रथिनसंकुलातले ईझेडएच२ एन्झाइम लावते. पेशी चेतापेशीकडे वळली, की चेताजनुकांवरची ही खूण उतरते आणि पेशीला मूलपेशी ठेवणाऱ्या ऑक्ट४ जनुकाला कुलूप लागते. हे कुलूप अर्धवट राहिले, तर तयार चेतापेशींत मूलपेशींच्या वसाहती पुन्हा डोके काढतात.

वालप्रोएट हे मूळचे अपस्माराचे औषध. ते हिस्टोनवरचे, वेढे सैल ठेवणारे ॲसिटाइल गट काढणारी एन्झाइमे रोखते, त्यामुळे वेढे सैल पडतात. मात्र कोणते वेढे सोडायचे, हे त्याला कळत नाही. दिशा माध्यमातले, म्हणजे पेशी वाढवायच्या पोषक द्रवातले, वाढघटकच (पेशीला संकेत देणारी प्रथिने) देतात. वाढघटक चुकले असतील, तर मात्रा वाढवून उपयोग नाही.

१ मोलर साठा: १६६ मिलिग्रॅम पावडर निर्जंतुक पाण्यात विरघळवून एकूण १ मिलिलिटर करा, ०.२२ मायक्रॉन फिल्टरमधून गाळा, छोट्या भागांत उणे २० अंशांवर ठेवा. १० मिलिलिटर माध्यमात ५ ते १० मायक्रोलिटर, म्हणजे ०.५ ते १ मिलिमोलर. नव्या पेशीवंशावर आधी ०.५ च घ्या. मात्रा जास्त झाली तर विभाजन रोखणारे पी२१ प्रथिन वाढते, पेशींचे विभाजन थांबते आणि त्या मरूही लागतात. शेजारी औषधाविना एक थाळी हवीच.

पेशींनी थाळी ७० टक्के भरल्यावर ०.५ मिलिमोलर ईडीटीए (पेशींची पकड सैल करणारे रसायन) वापरून त्या थाळीपासून सोडवा. एकेकट्या सुट्या केल्या असतील, तर पहिले २४ तास १० मायक्रोमोलर वाय-२७६३२ (सुट्या पेशींना जगवणारे रसायन) द्या. वालप्रोएट त्यानंतरच द्या; त्याच दिवशी दिले तर पेशी कशाने मेल्या, ते समजत नाही. सुरुवातीच्या थाळीत कडेला चपट्या, पसरलेल्या, म्हणजे आपोआपच मूलपेशीपण सोडू लागलेल्या पेशी दिसल्या, तर तो प्रयोग तिथेच सोडा. औषध काढल्यावर ॲसिटाइल खुणा काही तासांतच घटतात, म्हणून तपासणीचा नमुना लगेच घ्या.

नाशिकच्या पावसाळ्यात सर्वाधिक तक्रारी वजनाच्या येतात. ही पावडर हवेतले पाणी ओढून चिकट होते आणि खरी मात्रा कमी भरते. बाटली डेसिकेटरमध्ये (हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) ठेवा, वजन भराभर करा. गोळा झालेली पावडर टाकून द्या.

वालप्रोएट गर्भाला घातक आहे. गरोदर सहकाऱ्यांना पावडर हाताळू देऊ नका. ही पावडर संशोधनापुरतीच आहे, रुग्णाला देण्यासाठी नाही.