चुन्याचे बोट आणि तंबाखूची तलफ

तंबाखू सुटत नाही म्हणजे माणसाचे मन दुबळे, असे म्हणणाऱ्याने आधी चुन्याच्या डबीकडे पाहावे. कोल्हापुरात तालमीच्या कट्ट्यावर, शिरोलीच्या फौंड्रीत किंवा उसाच्या फडात तळहातावर तंबाखू मळताना त्यात चुन्याचे बोट फिरते, ते केवळ चवीसाठी नसते. चुन्यामुळे मिश्रण अल्कधर्मी होते, तंबाखूतल्या निकोटिनचे बरेचसे रेणू विद्युतभाररहित होतात आणि गालाच्या आतल्या अस्तरातून सरळ रक्तात उतरतात. तेच निकोटिन गिळले, तर त्याचा मोठा भाग यकृतातच मोडला जातो.

मेंदूत पोहोचलेले निकोटिन ॲसिटिलकोलीन या संदेशवाहक रसायनाच्या ग्राहींना, म्हणजे ते टिपणाऱ्या पेशींवरील जागांना, चिकटते, त्यातून सुखाची जाणीव देणारे डोपामिन स्रवते, आणि रोजच्या सेवनाने या ग्राहींची संख्या वाढत जाते. रक्तातील निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येत असल्याने रात्रभराच्या झोपेनंतर सकाळची तलफ सर्वांत तीव्र असते. घरोघरच्या बायका मिश्री लावतात तीही नेमकी याच वेळी. भाजलेल्या तंबाखूची ही पूड दात घासण्याच्या नावाखाली वापरली जात असल्याने तिला कोणी व्यसन म्हणत नाही, गरोदरपणातही नाही. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील सुमारे २४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत होते, तर धूम्रपान करणारे ४ टक्क्यांहूनही कमी होते.

तंबाखू बंद केल्यावर चिडचिड, बेचैनी, झोपमोड आणि कामात लक्ष न लागणे हा त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत कळसाला पोहोचतो आणि तीन-चार आठवड्यांत बहुतेक ओसरतो. निकोटिनचा च्युइंगम हा काळ सुसह्य करतो, पण तो नेहमीच्या गोळीसारखा भराभर चघळला तर त्यातले निकोटिन लाळेबरोबर पोटात जाते, उचकी आणि जळजळ होते, आणि मग औषधालाच दोष दिला जातो. तो सावकाश चावून, तोंडात चुणचुण जाणवली की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये धरून ठेवायचा असतो. गंमत म्हणजे या गमातही निकोटिन शोषले जावे म्हणून अल्कधर्मी क्षार घातलेले असतात. म्हणूनच त्याच्या आधी पंधरा मिनिटे आणि तो तोंडात असताना सोडा, लिंबू सरबत किंवा कॉफी यांसारखी आम्लयुक्त पेये घेऊ नयेत. ज्याला उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत तंबाखू लागते, त्याला सहसा २ ऐवजी ४ मिलिग्रॅमचा गम सुचवला जातो. बुप्रोपिऑन आणि व्हॅरेनिक्लिन ही तंबाखू सोडवण्यासाठीची औषधे, तसेच गरोदरपणातील कोणताही उपचार, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा. दारूला मात्र हा हिशेब लावू नये. रोज भरपूर पिणाऱ्याने ती एकाएकी थांबवली तर झटके येऊ शकतात आणि जिवावरही बेतू शकते, म्हणून ती वैद्यकीय देखरेखीखालीच सोडावी.

महिना सरल्यावरही जेवणानंतर किंवा समोर कोणी तंबाखू मळू लागला की तलफ उसळते, कारण मेंदूने त्या प्रसंगांची निकोटिनशी जोडणी करून ठेवलेली असते. ही लाट बहुधा काही मिनिटांत ओसरते. तेवढ्यापुरते तिथून उठून जावे, पाणी प्यावे, बडीशेप चघळावी. एखादी चिमूट तोंडात गेलीच, तर पुन्हा त्याच दिवसापासून बंद करावी. अनेकांची तंबाखू कायमची सुटते ती बऱ्याच प्रयत्नांनंतर. १८००-११२-३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर समुपदेशन मोफत मिळते.

सोडणाऱ्याने आरशात तोंडही तपासावे. पांढरा वा लाल चट्टा किंवा जखम दोन आठवड्यांत बरी झाली नाही, किंवा तोंड पूर्वीइतके उघडेनासे झाले, तर दंतवैद्याला दाखवण्यात दिरंगाई करू नये.