अँबलसाइडचं ‘ब्रिज हाउस’ : कर चुकवण्याची दंतकथा

इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधल्या अँबलसाइड गावात एका ओढ्यावर, चक्क पुलाच्या कमानीवर, दगडी घर उभं आहे. खाली एक खोली, वर एक खोली, बस्स. ‘जमिनीवरचा कर चुकवायला मालकाने पुलावर घर बांधलं,’ असं पर्यटकांना हमखास ऐकवलं जातं. गोष्ट झकास आहे, पण पटण्यासारखी नाही.

घर सतराव्या शतकातलं. ज्याला ‘लँड टॅक्स’ म्हणतात, तो 1692 पासूनचा. तोही जमिनीच्या क्षेत्रफळावर नव्हे, तर मालमत्तेच्या वार्षिक उत्पन्नावर आकारला जाई. पाया पाण्यावर आहे म्हणून माफी कुठून मिळणार?

खरं कारण साधं आहे. हे घर बांधणाऱ्या ब्रेथवेट घराण्याची सफरचंदाची बाग ओढ्यापलीकडे होती. तिकडे जायला पूल हवा होता आणि फळं ठेवायला जागाही. वाहत्या पाण्यावरची हवा थंड, शिवाय दमट. अशा हवेत सफरचंदं लवकर सुरकुतत नाहीत. जिना बाहेरून काढलाय, नाहीतर एवढ्याशा खोलीत तोच निम्मी जागा खाऊन बसला असता.

असल्या दगडी भिंतींच्या सांध्यांत सिमेंट भरणं मात्र महागात पडतं. सिमेंट ओल अडवतं, ती दगडात मुरते आणि थंडीत गोठून फुगली की दगडाचे पापुद्रे सुटतात. तिथे चुनाच हवा.

पुढे याच दोन खोल्यांत आठ माणसांचं कुटुंबही राहिलं. 1926 साली गावकऱ्यांनी वास्तू विकत घेऊन जुन्या वास्तू जपणाऱ्या ‘नॅशनल ट्रस्ट’ या संस्थेकडे सोपवली.