दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतोच का?

‘घड्याळात बारा वाजले की सूर्य बरोबर डोक्यावर’ हे शाळेपासून ऐकलेलं वाक्य अजूनही फिरत असतं. मुंबईपुरतं ते वर्षातल्या एकाही दिवशी खरं नाही.

भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरची, म्हणजे मिर्झापूरजवळची. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. मुंबई त्या रेषेच्या सुमारे ९.७ अंश पश्चिमेला, म्हणून तिथली खरी मध्यान्ह, म्हणजे सूर्य आकाशात सर्वांत उंच असण्याची वेळ, सरासरी १२ वाजून ३९ मिनिटांनी होते. नागपूरला हाच फरक साधारण १४ मिनिटांचा. शिवाय पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि आस कललेली असल्याने मुंबईची मध्यान्ह नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२.२२ च्या आसपास, तर फेब्रुवारीच्या मध्यात १२.५३ च्या आसपास येते. पूर्वी मुंबईची स्वतंत्र वेळ होती, ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागेच!

पडताळायला सपाट जागी काठी ओळंब्यात उभी करा. साडेअकरापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकावर खूण करा. सावली सर्वांत आखूड होईल ती मध्यान्ह. सूर्य अगदी माथ्यावर मात्र महाराष्ट्रात वर्षातून दोनच दिवस येतो. मुंबईत मेच्या मध्यात आणि जुलैच्या अखेरीस.